कर्नेल कोणतं घ्यावं? वाचकांचे प्रश्न

(कमांड आणि फाइलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत.)

प्रश्न : आम्ही काही जण मिळून शाळांना आणि छोट्या वाचनालयांना देण्यासाठी डेबियन 12 वर आधारलेली एक हलकी डिस्ट्रो (वाटण्यासाठी जुळवलेली लिनक्स सिस्टिम) तयार करतो आहोत. देणगीत आलेली मशीन बहुतेक कोअर टू ड्युओ प्रोसेसरची, जी31 आणि जी41 मदरबोर्डांची, 2 जीबी रॅमची आहेत. काहींमध्ये जीफोर्स 210 ग्राफिक्स कार्ड आहे. आयएसओमध्ये (इन्स्टॉल करायच्या फाइलीत) कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कोणतं घालायचं यावर एकमत होत नाही. एक गट म्हणतो, जुन्या मशीनला 4.19 बरं. दुसऱ्याला सगळ्यात नवंच हवं आहे. — नाशिकरोड

उत्तर : डेबियन 12 चं स्वतःचं 6.1 घ्या. दोन्ही गट आकड्यावरून भांडत आहेत. आकडा लहान म्हणून कर्नेल हलकं होत नाही, आणि मोठा म्हणून तुमचं मशीन वेगवान होत नाही. 2 जीबीचं मशीन अडकतं ते ब्राउझरमुळे. कर्नेलमधल्या फरकाने जी रॅम वाचेल ती एका टॅबलाही पुरायची नाही.

पहिला प्रश्न असा विचारा : दुरुस्त्या कोण करतं आणि कधीपर्यंत? 4.19 ची मुदत डिसेंबर 2024 मध्ये संपली. आता त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर ते बुजवायचं काम तुमच्या अंगावर येईल, आणि स्वयंसेवकांच्या गटाला ते झेपणार नाही. 5.10 ची जाहीर मुदत डिसेंबर 2026 आहे, 6.1 ची डिसेंबर 2027. शिवाय डेबियनचं कर्नेल घेतलं की दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटमधून आपोआप येतात. वाचनालयातलं मशीन एकदा दिलं की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून ही गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे.

6.1 घेण्याचं आणखी एक कारण तुमच्या 2 जीबीशी थेट जोडलेलं आहे. रॅम भरत आली की तिच्यातली कोणती पानं (मेमरीचे तुकडे) बाहेर काढायची हे ठरवण्याची नवी पद्धत, एमजीएलआरयू, याच आवृत्तीत आली. ती चालू आहे का ते ‘/सिस/कर्नेल/एमएम/एलआरयू_जेन/इनेबल्ड’ या फाइलीत दिसतं. तिथे शून्य दिसलं तर रूट होऊन ‘वाय’ लिहा, आणि मशीन सुरू होताना ते आपोआप लिहिलं जाईल अशी सोय आयएसओतच करा. सोबत झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारी स्वॉपची जागा) द्या. ‘झेडरॅम-टूल्स’ पॅकेज टाकून ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॉप’ मध्ये अल्गोरिदम एलझेड4 आणि टक्केवारी 50 ठेवा. झेडएसटीडी हा अल्गोरिदम डेटा जास्त दाबतो, पण कोअर टू ड्युओचा घाम काढतो. झेडरॅम असताना ‘व्हीएम.स्वॉपिनेस’ 100 आणि ‘व्हीएम.पेज-क्लस्टर’ 0 करा. कर्नेल बदलून जे मिळालं नसतं ते एवढ्याने मिळेल.

जीफोर्स 210 साठी 5.4 वर अडकून राहू नका. त्याचा एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर 340.108, डिसेंबर 2019 चा. पुढच्या कर्नेलवर तो बसवायचा तर लोकांनी केलेले पॅच लावावे लागतात आणि कर्नेल बदललं की ते पुन्हा मोडतात. शाळेत असं एकदा मोडलं की पडदा काळा, आणि मशीन अडगळीत. कर्नेलसोबत येणारा नूवो हा ड्रायव्हर वापरा. एखाद्या मशीनवर नूवो अडखळला तर सरळ कार्ड काढून ठेवा आणि बोर्डावरच्या व्हीजीए सॉकेटमध्ये केबल लावा. जी41 मधलं इंटेल ग्राफिक्स अशा कामाला पुरतं आणि विजेचं बिलही थोडं कमी होतं.

दुसरं कर्नेल ठेवायचं का, हे चाचणीवरून ठरवा. अँटीएक्स 23 या डेबियनवर आधारलेल्या हलक्या डिस्ट्रोत 5.10 आणि 6.1 अशी दोन्ही दिलेली आहेत. त्यांचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा आणि प्रत्येक प्रकारच्या बोर्डाचं एकेक मशीन दोन्हींवर चालवून बघा. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ दिलं की प्रत्येक भागाखाली कोणता ड्रायव्हर लागला ते येतं. ज्या भागाखाली ड्रायव्हरची ओळच नाही तो भाग मुका आहे असं समजा. मग ‘डीमेसेज’ मध्ये (कर्नेलच्या नोंदींत) ‘फर्मवेअर’ (चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) हा शब्द शोधा. रिअलटेकच्या नेटवर्क चिपसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’ पॅकेज लागतं, आणि डेबियन 12 मध्ये ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहे. पुष्कळदा लोक कर्नेलला दोष देतात आणि गायब असते ती फर्मवेअरची फाइल. शेवटी मशीन झोपवून उठवा. सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते. 6.1 वर उठत नाही आणि 5.10 वर उठतं असं मशीन प्रत्यक्ष सापडलं तरच दुसरं कर्नेल घाला. उगाच घातलं तर मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारे कर्नेलचे भाग) धरून डिस्कवर तीन-चारशे एमबी जातात.

आणि कोणी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ करून कर्नेल बारीक करायला निघालं असेल तर थांबवा. ती कमांड त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूलं तेवढी ठेवते. बांधताना प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी वायफाय जोडलेलं नसेल तर त्यांचे ड्रायव्हर गेलेच. स्वतःच्या एका मशीनसाठी ठीक आहे, पन्नास प्रकारच्या मशीनवर जाणाऱ्या आयएसओसाठी नाही. इनिटरॅमएफएसच्या (मशीन सुरू होताना कर्नेलसोबत लोड होणाऱ्या फाइलीच्या) सेटिंगमध्येही त्याच कारणाने ‘मोस्ट’ ठेवा. ‘डेप’ केलं तर फाइल लहान होते, पण ती डिस्क दुसऱ्या बोर्डाला लावली की मशीन उठेलच याची खात्री राहत नाही.

प्रश्न : पेन्टियम एमचा जुना लॅपटॉप आहे, रॅम 1 जीबी. 32 बिटचं कर्नेल सुरू होतानाच ‘पीएई नाही’ असं सांगून थांबतं. — पंचवटी

उत्तर : सुरुवातीच्या काही पेन्टियम एम प्रोसेसरमध्ये पीएई (32 बिटवर 4 जीबीपेक्षा जास्त रॅम वापरण्याची सोय) असतं, पण ते तसं जाहीर करत नाहीत. ग्रबच्या (सुरुवातीला कर्नेल निवडायच्या मेनूच्या) पडद्यावर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘फोर्सपीएई’ लिहा आणि एफ10 दाबा. सुरू झालं तर तोच शब्द ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मध्ये कायमचा घालून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. तरीही थांबलं तर डेबियन 12 मधलं पीएई नसलेलं ‘686’ कर्नेल आहेच. पण आधी फोर्सपीएई करून बघा.

डेबियन 13 पासून 32 बिट पीसीसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद झाले, त्यामुळे हा लॅपटॉप 12 वरच ठेवावा लागेल. रॅम कमी म्हणून कोअर टू ड्युओवरही 32 बिट टाकणारे बरेच आहेत. त्यांनी ‘एलएससीपीयू’ देऊन पाहावं. पहिल्या ओळींत 64 बिट दिसलं तर 64 बिटच टाकावं.

प्रश्न : लिकोरिक्स किंवा झॅनमॉड ही वेगासाठी बदललेली कर्नेलं टाकली तर जुनं मशीन चपळ होतं का? — गंगापूर रोड

उत्तर : माउस थोडा लवचीक वाटेल, त्याच्या बदल्यात प्रोसेसर जास्त राबेल आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरेल. झॅनमॉडची व्ही2 आणि व्ही3 अशी रूपं असतात. व्ही2 ला एसएसई4.2 (प्रोसेसरच्या जादा सूचना) लागतं, ते कोअर टू ड्युओत नाही, म्हणून ते तिथे चालणार नाही. वाटायच्या डिस्ट्रोत यातलं काहीच घालू नका.

प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचा बंदोबस्त काढणाऱ्या ‘मिटिगेशन्स=ऑफ’चंही तसंच. कोअर टूमध्ये पीसीआयडी ही प्रोसेसरची सोय नसल्यामुळे मेल्टडाउन या त्रुटीवरचा बंदोबस्त तिथे जास्त जड पडतो हे खरं. पण ज्या मशीनवर लोक बँकेचा पासवर्ड टाइप करणार आहेत तिथे तो काढणं आम्हाला पटत नाही. इंटरनेटला कधीच न जोडलेल्या मशीनवर काढा, हरकत नाही.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एक लहान राउटर (कोरीवकामाचं यंत्र) पॅरलल पोर्टवरून लिनक्ससीएनसी या प्रोग्रॅमने चालवायचा आहे. हलकी डिस्ट्रो टाकली, पण वेग वाढवला की मोटर पायऱ्या गाळते. कर्नेलचा संबंध आहे का? — अंबड एमआयडीसी

उत्तर : आहे, आणि इथे तो थेट मिलिमीटरमध्ये मोजता येतो. आधी ‘युनेम -व्ही’ द्या. उत्तरात ‘प्रीएम्प्ट_आरटी’ (आरटी म्हणजे रिअल-टाइम, वेळ काटेकोर पाळणारं) नसेल तर तुम्ही साध्या कर्नेलवर आहात. डेबियन 12 मध्ये ‘लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी64’ पॅकेज टाका. 6.12 पासून आरटीचा भाग मूळ कर्नेलमध्येच आला, तरी ते बांधताना चालू केलेलं असावं लागतं.

मग ‘लेटन्सी-टेस्ट’ चालू करा आणि मशीनला छळा : मोठी फाइल कॉपी करा, ‘जीएलएक्सगिअर्स’ उघडा, खिडक्या हलवा, गाणी लावा. दोन मिनिटांत बंद करू नका, सर्वात वाईट आकडा उशिरा येतो. जास्तीत जास्त जिटर (ठरलेल्या वेळेतली चूक) 15 ते 20 मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. 30 ते 50 ला काम होतं, वेग कमी मिळतो. 100 च्या वर गेला तर पॅरलल पोर्टचा नाद सोडून पायऱ्या स्वतः तयार करणारं कार्ड घ्या.

हिशेब असा. मोटरला 200 पायऱ्या, ड्रायव्हर 10 मायक्रोस्टेपवर, स्क्रू 5 मिमी पिचचा : म्हणजे एका मिलिमीटरला 400 पायऱ्या. बेस पिरियड (प्रोग्रॅम पोर्टला किती वेळाने हात लावतो ते अंतर) 25 मायक्रोसेकंद आणि प्रत्येक पायरीला दोन पिरियड धरले तर सेकंदाला 20,000 पायऱ्या, म्हणजे मिनिटाला 3,000 मिमी. जिटरमुळे पिरियड 50 करावा लागला की तोच वेग 1,500 वर येतो. त्याहून जास्त वेग मागितला की लिनक्ससीएनसीला तो देता येत नाही. मोजलेला जिटर स्टेपकॉन्फ या लिनक्ससीएनसीच्या सेटिंग साधनात प्रामाणिकपणे भरा, कमी लिहून काही मिळत नाही.

आकडा खाली आणण्यासाठी बायोसमध्ये सी1ई आणि स्पीडस्टेप या वीज वाचवणाऱ्या सोयी बंद करा. प्रोसेसर दोन कोअरचा असेल तर कर्नेलच्या ओळीत ‘आयसोलसीपीयूज=1’ द्या, म्हणजे एक कोअर इतर कामांपासून मोकळा राहतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून चाचणी पुन्हा घ्या. जिटर खाली आला पण मोटर तरीही पायऱ्या गाळत असेल, तर कर्नेल सोडा आणि प्रवेग, ड्रायव्हरचा करंट आणि पॉवर सप्लायचं व्होल्टेज तपासा. तसंच आरटी कर्नेल शाळेच्या आयएसओत घालण्याचं कारण नाही. ते वेळ पाळतं, एकूण काम मात्र साध्यापेक्षा थोडं कमीच करतं.

प्रश्न : अपडेट चालू असताना वीज गेली. आता मशीन ‘रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही’ म्हणून थांबतं. — निफाड

उत्तर : नव्या कर्नेलची इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट राहिली असणार. ग्रबमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून मागचं कर्नेल निवडा. आत गेल्यावर क्रमाने : ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, मग ‘अपडेट-ग्रब’. मधेच ‘जागा नाही’ असं आलं तर ‘डीएफ -एच /बूट’ पाहा. वेगळं, लहान बूट पार्टिशन असेल तर तेच भरलेलं असतं. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुनी कर्नेलं जातात, चालू असलेलं राहतं. जागा झाली की त्या तीनही कमांड पुन्हा द्या.

मागचं कर्नेल उरलंच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. रूट पार्टिशन ‘/एमएनटी’ वर जोडा, बूट वेगळं असेल तर तेही त्याच्या आत. मग ‘देव्ह’, ‘प्रोक’ आणि ‘सिस’ बाइंड करून ‘सीएचरूट’ने आत शिरा आणि त्याच तीन कमांड द्या. पेनड्राइव्ह 64 बिटचाच हवा, नाहीतर 64 बिटच्या सिस्टिममध्ये सीएचरूट होणार नाही.