ऊन, उजेड आणि सातवीचा वर्ग

प्रश्न : मी काटोल तालुक्यातील एका उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. सौरऊर्जेचा पाठ चालू असताना सातवीतील एका मुलाने विचारले, ‘‘मॅडम, आपल्या नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, मग तेव्हाच सर्वांत जास्त वीज तयार होत असेल ना?’’ मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. पण आता ते उत्तर मनाला खटकते आहे. शाळेत प्रयोगशाळा नाही आणि खर्चाला जेमतेम दीड हजार रुपये आहेत. थर्माकोलच्या पवनचक्कीपलीकडे मुलांकडून काही करवून घेता येईल का?

उत्तर : आपले ‘हो’ निम्मे बरोबर होते. घोळ आपल्या भाषेतच आहे. ‘ऊन’ हा शब्द आपण उजेडासाठीही वापरतो आणि ‘ऊन ऊन भात’ म्हणताना उष्णतेसाठीही. सौर पॅनेलला मात्र यातला फक्त उजेड हवा असतो. मेच्या अखेरीस नागपूरला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि दिवसही सुमारे 13 तासांचा असतो, म्हणून वीज चांगली मिळते. उष्णतेमुळे मात्र ती काहीशी कमीच होते. पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या प्रत्येक घटाचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट, तापमानाच्या दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने घसरतो, आणि उन्हात ठेवलेले पॅनेल भोवतालच्या हवेपेक्षा सहज 20 ते 30 अंशांनी अधिक तापते. मे महिन्यात नागपूरकराला कूलर लागतो, तसाच तो पॅनेललाही लागतो म्हणा ना!

हे वर्गात सांगू नका, मुलांना मोजू द्या. व्होल्ट आणि प्रवाह मोजणाऱ्या साध्या डिजिटल मल्टिमीटरला दोन-तीनशे रुपये पडतात आणि 6 व्होल्टचे तळहाताएवढे पॅनेल सीताबर्डीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. दोन-तीन गट पुरतील एवढे साहित्य आपल्या पैशांत बसावे. आधी पॅनेल सावलीत गार असताना झटकन उन्हात आणून व्होल्ट नोंदवायचे, मग ते वीस मिनिटे तिथेच तापू द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. त्यानंतर पॅनेलच्या फक्त पाठीला ओले फडके लावायचे. पुढची बाजू उघडी आणि कोरडीच राहिली पाहिजे. मीटरवरचा खाली आलेला आकडा हळूहळू पुन्हा वर चढतो. उजेड तोच असताना असे का झाले, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

दुसरा प्रयोग कोनाचा आहे आणि मला तो अधिक आवडतो. पॅनेल एका पुठ्ठ्यावर चिकटवा आणि शेजारी कणकेच्या गोळीत एक काडी पुठ्ठ्याशी काटकोनात उभी रोवा. काडीची सावली नाहीशी होईपर्यंत पुठ्ठा कलता केला की पॅनेल सूर्याच्या नेमके समोर आले, असे समजावे. त्यामुळे कोणालाही सूर्याकडे पाहावे लागत नाही, आणि पाहूही देऊ नये. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सव्वाबाराच्या सुमारास हा कल दक्षिणेकडे जवळपास 45 अंश भरेल. आता व्होल्ट न मोजता प्रवाह, म्हणजे मिलिअँपिअर मोजा; उजेड कमी-जास्त झाला की मुख्यतः प्रवाह बदलतो, व्होल्ट फारसे नाहीत. पॅनेल जमिनीवर आडवे ठेवले, तर प्रवाह साधारण 70 टक्क्यांवर येतो. गच्चीवरची पॅनेल तिरपी का बसवतात, हे त्यानंतर सांगण्याची गरज उरत नाही.

व्होल्ट आणि प्रवाह यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक असताना ‘सौर घरा’च्या पुठ्ठ्याखाली लपवलेला 9 व्होल्टचा सेल माझ्या हाताला लागला. मुलगी ओशाळून म्हणाली, ‘‘सर, हॉलमध्ये दिवा लागतच नव्हता.’’ तिचे निरीक्षण अचूक होते. ट्यूबलाइटखाली पॅनेल व्होल्ट बऱ्यापैकी दाखवते, पण प्रवाह अगदीच नगण्य देते. ती लपवाछपवी न करता तिने ते दोन आकडे तक्त्यावर लिहिले असते, तर मी तिला पहिला क्रमांक दिला असता.

पवनचक्कीचे म्हणाल, तर थर्माकोल सोडा आणि खेळण्यातली छोटी मोटर घ्या. तिचा दांडा बोटांनी फिरवायला लावा. मग तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवायला लावा. आता दांडा जड लागतो, कारण फिरवली की मोटर वीज तयार करते, आणि प्रवाह वाहू लागला की त्याची किंमत बोटांना मोजावी लागते. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात ती किंमत कोळशाच्या वाफेने मोजली जाते, तोतलाडोहच्या जलविद्युत केंद्रात पेंच नदीच्या पाण्याने. पॅनेलमध्ये मात्र फिरणारे काहीच नसते, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते.

घरच्या प्लगला मीटर लावायचा नाही, एवढे मात्र पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे मे महिन्याचे आकडे वर्गात मिळणार नाहीत. एक मीटर आणि एक पॅनेल सुट्टीत त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडेच घरी द्या; डिसेंबरच्या वहीशेजारी मांडायचे आकडे तोच घेऊन येईल.