राउटर दर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतो, कपॅसिटर बदलून दुरुस्त होईल का?

अनेकदा होतो, पण आधी त्याच व्होल्टेजचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा. बऱ्याचदा दोषी अडॅप्टरच निघतो. अडॅप्टर मात्र उघडू नका. त्यातला ४०० व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो.

अडॅप्टर ठीक असेल तर बोर्डावर पॉवर सॉकेटजवळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (छोटे उभे दंडगोल) बघा. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो गेला. वरून सपाट दिसला म्हणून चांगलाच असं नाही: उष्णतेने आतला द्रव सुकतो, ईएसआर (कपॅसिटरचा आतला विरोध) वाढतो, लोड येताच व्होल्टेज डळमळतं. ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट असेल तर मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट १६ किंवा २५ चालतील; १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, लो-ईएसआरच घ्या. उंचीही मोजा, नाहीतर झाकण बसत नाही.

काढण्यापूर्वी फोटो काढा. कपॅसिटरवरच्या पट्ट्याची बाजू निगेटिव्ह. ग्राउंडला जोडलेला (निगेटिव्ह) पाय उष्णता शोषतो, म्हणून जुन्या सोल्डरवर थोडं नवं शिसेयुक्त सोल्डर वितळवा, मग पाय सुटतो. ओढाताण केली तर भोकातलं तांबं उखडतं आणि दहा-वीस रुपयांचं काम बोर्डावर बेततं.