आधी मोसम पुरा कर

चि. लेका, अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला, "काका, जानेवारीत फुटबॉल क्लब सोडला तर चालेल का?" लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते तुला आवडलं नसतं. हेही आवडेल असं नाही. तुझं मराठी वाचन सावकाश आहे हे ठाऊक असूनही मराठीतच लिहितोय. इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही.

तुझी अडचण कळली. ऑक्टोबरपासून बाकावर आहेस, मिळाली तर शेवटची दहा मिनिटं. संघ तक्त्यात तळाला. शाळेतले मित्र अमॅच्युअर लीगमध्ये बोलावतायत, तिथे पूर्ण नव्वद मिनिटं मिळतील. बाबा म्हणतात, अभ्यासाचं बघ. आणि आईला अजून वाटतं की 'ज्युनिअर' म्हणजे पोरांचा खेळ. तिला सांग, स्कॉटलंडात ज्युनिअर म्हणजे वय नव्हे, दर्जा. 1886 पासून त्यांची वेगळी संघटना आहे. तिशी उलटलेला आपला दाढीवाला स्टॉपर तुला ट्रेनिंगमध्ये कसा आडवा करतो ते तिने एकदा येऊन बघावं.

सोडायला माझी ना नाही. पण मोसम पुरा कर, मग जा.

तू डिसेंबरचा तक्ता बघून निराश झालायस. इकडच्या ज्युनिअर फुटबॉलच्या उत्तर विभागात डिसेंबरचा तक्ता खोटा असतो, हे तुला आतापर्यंत कळायला हवं होतं. ॲबर्डीनला साडेतीनच्या आधीच सूर्य मावळतो. बऱ्याच मैदानांवर दिवे नाहीत, म्हणून सामने लवकर सुरू करायचे. आणि सकाळी रेफ्रीने गोलजवळच्या मातीत बुटाची टाच रोवून पाहिली आणि ती आत गेली नाही, की सामना रद्द. आपल्याकडे दव गोठतं, पीटरहेडला पाऊस, बॅन्फला समुद्रावरून वारं. कुणाचे बारा सामने झालेले असतात, कुणाचे आठच. उरलेले सगळे एप्रिल-मेमध्ये येतात, जेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड राहतो. मग शनिवार, सोमवार, बुधवार अशी रांग लागते. कामावरून थेट येणारी माणसं थकतात, कुणाचा गुडघा जातो, कुणाला तेलाच्या रिगवर जायचं असतं. त्या वेळी बाकावरचा पोरगा अचानक पहिल्या अकरात असतो. तुला संधी मिळणार ती तेव्हा, आणि तू जानेवारीत निघालायस.

आता म्हणशील, काका, हे सगळं थांबणाऱ्याच्या सोयीचं बोलणं झालं. मग निघून गेलेल्याचं सांगतो. केनी डॅल्ग्लिश, पुढे सेल्टिक, लिव्हरपूल आणि स्कॉटलंडकडून गाजलेला. ग्लासगोच्या सेल्टिकने 1967 मध्ये करारावर घेतला आणि कम्बरनॉल्ड युनायटेडला धाडला, ज्युनिअर खेळायला. त्याच वर्षी सेल्टिक युरोपियन कप जिंकून बसलेला, आणि हा पोरगा दिवसा सुतारकामाची उमेदवारी करून शनिवारी ज्युनिअरच्या चिखलात. पुरा मोसम खेळला, 37 गोल केले. सेल्टिकचा मॅनेजर जॉक स्टीन, त्याला तो आणखी एक मोसम तिथेच हवा होता. डॅल्ग्लिश नाही म्हणाला. म्हणजे सोडलंच त्याने! पण मोसम पुरा करून. स्टीनसारख्या माणसाला नाही म्हणायची ताकद त्या 37 गोलांतून आली असावी असं मला वाटतं. तू कशाच्या जोरावर नाही म्हणणार आहेस? दहा मिनिटांच्या?

रागावलो, ठीक आहे. चहा घेऊन पुन्हा बसलोय.

तुला वाटतं मोसम तुझा आहे, खेळलास तर तुझा आणि सोडलास तरी तुझा. तसं नसतं. काही वर्षांपूर्वी आपल्याच क्लबात अशी वेळ आली की अकरा माणसंही धड जमेनात. मोठ्या फरकाने हरत होतो. कमिटीतल्या निम्म्या लोकांचं मत पडलं, लीगला पत्र देऊ आणि नाव मागे घेऊ. मी एकटाच टेबलावर हात आपटून बसलो. क्लबने मोसमाच्या मधेच अंग काढलं तर त्याचे सगळे निकाल पुसले जातात. म्हणजे ज्यांनी आपल्याला घाम गाळून हरवलं त्यांचे गुण गेले, आणि ज्या गरीब संघाने आपल्याकडून मार खाल्ला तो उगाचच वर सरकला. आपल्या पळण्याची किंमत भलत्याच गावाने मोजायची. मी म्हटलं, हरू. पण दर शनिवारी जाऊन हरू. गेलो. एका शनिवारी बदली खेळाडूच नव्हता, तर नेहमीचा किट धुणारा गडी बाकावर बसवला. मला तिथे अजून हट्टी म्हातारा म्हणतात. म्हणू देत. क्लब आहे अजून, आणि तू त्याच्याच बाकावर बसून कुरकुरतोयस.

घरीही ऐकून घेतलंय. लेकीच्या नाचाचे कार्यक्रम नेमके शनिवारी असायचे, आणि मी फॉरेस नाहीतर नेर्नच्या रस्त्यावर, ए-96 वर ट्रॅक्टरमागे अडकलेल्या मिनीबसमध्ये. तिची आई ते अजून काढते. खरं आहे, ते कार्यक्रम परत येणार नाहीत, आणि त्याची हळहळ मला आहे. पण एक सांगतो, ती लेक मेडिकलच्या तिसऱ्या वर्षी सगळं सोडून द्यायला निघाली होती, तेव्हा मी एक शब्दही बोललो नाही. तीच म्हणाली, "वर्ष पुरं करते, मग बघू." हे ती कुठे शिकली? नाचाच्या क्लासात तर नाही.

आणि अपुरं राहिलेलं काय असतं ते आपण पाहिलंय. मार्च 2020 मध्ये मोसम थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. त्या वर्षीचा ज्युनिअर कप कुणालाच नाही. पश्चिम विभागाचं तर फारच वाईट झालं. ऑखिनलेक आणि कमनॉक ही कोळशाच्या खाणींची गावं, एकमेकांना खेटून. खाणी बंद पडल्या तरी त्यांच्यातला सामना बंद पडला नाही. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी हे संघ एकमेकांसमोर आले की घरात कुणी कुणाशी बोलत नसे, म्हणून मला ती गावं वेगळी सांगावी लागली नाहीत. 2022 पर्यंत ज्युनिअर कप चौदा वेळा जिंकलेला क्लब ऑखिनलेक टॅलबट, यांच्याएवढा तो कुणीच जिंकलेला नाही. 2020 च्या त्याच उन्हाळ्यात तिकडचे क्लब ज्युनिअरची लीग सोडून नव्या वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये गेले, ज्युनिअर कप तेवढा खेळत राहिले. म्हणजे जुन्या घरातला त्यांचा शेवटचा मोसम अर्धवटच राहिला. आपलं मैदान सांभाळणारे आजोबा त्या वर्षी मला सारखं विचारायचे, "तक्ता कधी लागणार?" काय सांगणार त्यांना?

पश्चिमवाले क्लब गेले ते चुकलं असं मी म्हणत नाही हं. (पूर्वी म्हणायचो.) वरची वाट उघडली हे खरं. तुझ्या लाडक्या, सगळ्यात वरच्या लीगमधल्या ॲबर्डीनला जानेवारी 2023 मध्ये स्कॉटिश कपात 1-0 ने घरी धाडणारं डार्वल त्यांच्यातलंच, तेव्हा सहाव्या पायरीवर खेळणारं. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग त्याच गावाजवळच्या शेतघरात जन्मले, पण मला वाटतं डार्वलमध्ये आता त्या गोलाचीच चर्चा जास्त होत असेल. इथल्या बँक्स ओ' डी क्लबनेही 2022 मध्ये फोर्ट विल्यमला हरवून वरची हायलँड लीग गाठली. पण पश्चिमवाल्यांचा मोसम कोविडने थांबवला, त्यांनी नाही, आणि बँक्स ओ' डी मोसमाच्या टोकाला पोचून गेली. मधेच उठून कुणी गेलं नाही.

बाकाबद्दल शेवटचं. तू तिथे कोटाच्या कॉलरमध्ये तोंड खुपसून फोन बघतोस, मला पलीकडून दिसतं. त्याऐवजी समोरच्या संघाचा डावा विंगर बघ. गेल्या शनिवारी तो चेंडू घ्यायच्या आधी कधीकधी खांद्यावरून मागे बघायचा, आणि बघितलं की आत वळायचा, नाही बघितलं की रेषेने पळायचा. आपल्या राइट-बॅकला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुला कळलं असतं, कारण तुझी नजर चांगली आहे. क्रॉस भिकार आहे, पण नजर चांगली आहे. हे मी मॅनेजरलाही सांगितलंय. नजरेचं. क्रॉसचं त्याला माहीत आहे.

अभ्यासाचं बाबांशी मी बोलतो. परीक्षा मेमध्ये, तेव्हा बुधवारचे सामने सोडलेस तर कुणी काही म्हणणार नाही. मॅनेजरला आत्ताच तारखा दे. अमॅच्युअरवाल्या मित्रांना सांग, जूनमध्ये विचारा. जूनमध्ये तू गेलास तर तुझा फॉर्म मीच भरून देईन, आणि तुझ्या पहिल्या सामन्याला तिकडे उभाही राहीन.

मंगळवारी ट्रेनिंगला ये. शनिवारी फॉरेसला जायचंय, बस साडेनऊला सुटेल, पायमोजे दोन जोड घे. आणि आईला सांग थालीपीठं जरा जास्त बांध, गेल्या वेळी सगळी गोलकीपरनेच संपवली.

तुझा,
काका