पांढरीतला जबडा आणि चाळीसगावचं शहामृग

प्रश्न : गावालगतच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतात टाकायला ट्रॉलीने आणली, त्यात खापरं निघाली आणि दाढांसकट एक जबडा. आजोबा बघताच म्हणाले, "बैलनं हाड शे ते, फेक तिकडे." पण बैलाचंच कशावरून, आणि जुनं की परवाचं हे कसं कळतं?
– एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : आजोबांशी वाद नको, ते बरोबर असायची शक्यता जास्त. बैलबाजारात आपण तोंड उघडून अदात, दोनदाती, चारदाती, जुळला असं वय काढतो ना, हाडांचे अभ्यासक तेच करतात, फक्त पुढचे दात मातीत गळून जातात म्हणून ते दाढा बघतात, कुठली फुटलीये, कुठली किती झिजलीये. गाय की म्हैस इथे घोळ होतो, शेळी-मेंढीत तर तज्ज्ञांचंही डोकं फिरतं.

पण एका जबड्याने गोष्ट बनत नाही, ढीगभर हाडं लागतात. जनावरं बरीचशी लहान वयातच कापलेली दिसली तर ती खायला पाळलेली, म्हातारी होईपर्यंत ठेवलेली असतील तर दूध नाहीतर औत. आणि औताचा बैल पायावरून पण ओळखू येतो, खुराच्या वर जे नळीचं हाड असतं त्याचं खालचं टोक वर्षानुवर्षं ओढून ओढून पसरतं, कडेला जास्तीचं हाड वाढतं. सांध्याजवळ बारीक सरळ रेघा असतील तर हत्यार चाललंय, खड्डे खड्डे असतील तर कुत्र्याने चघळलंय. तुमच्याच तालुक्यात कावठ्याला डेक्कन कॉलेजने खोदकाम केलंय, सावळदा संस्कृतीचं, म्हणजे खानदेशातल्या जुन्या शेतकरी लोकांचं गाव, साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं, तिथलीही जनावरांची हाडं अशीच तपासली गेली.

आता जुनं किती? ते रंगावरून नाही, थरावरून कळतं, शेजारी कुठली खापरं होती, वर काय, खाली काय. ट्रॉलीत माती भरली की तो थर गेला, मग लॅबवाला तरी पूर्ण गोष्ट कशी सांगणार. म्हणून स्पष्टच सांगतो, पांढरीची माती उचलणं थांबवा, जबडा आणि खापरं न धुता एका पिशवीत ठेवा, जागा लिहून ठेवा आणि तहसीलला कळवा.

प्रश्न : चाळीसगावकडे पूर्वी शहामृग होते म्हणे, खरंय का? मित्र म्हणतो फेकाफेक आहे, भरीत पार्टीची पैज लागलीये.
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : पार्टी मित्राकडून घ्या. पाटणादेवीजवळच्या पाटण्याला सत्तरच्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, त्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेला एक तुकडा निघाला, वय जवळपास २५,००० वर्षं. भारतात इतर ठिकाणच्या 'कोरीव' म्हटलेल्या बऱ्याच कवचांवरच्या खुणा नंतर नैसर्गिक ठरल्या, पाटण्याचा तुकडा मात्र माणसानेच कोरलेला म्हणून टिकून आहे. आणि कवच नक्की शहामृगाचंच का, तर हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतात मिळालेल्या अशा जुन्या कवचातून डीएनए काढला, २०१७ ला पेपर आला, तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. पार्टीत शेवभाजी पण मागा.