हरवलेले गाव लिहिताना

तुमच्या कथेतली आजी १९६०च्या सुमारास अलिबागजवळच्या नवगावातून इस्रायलला जाते आणि दुसऱ्याच पानावर समुद्र आठवून रडू लागते, हे मला पटले नाही. तेलाचा घाणा शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना (मराठी बोलणाऱ्या ज्यूंना) कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. जिथे सगळेच शनिवार पाळतात, तिथे ही ओळखच पुसली जाते, आणि खरे नुकसान ते आहे. घर पुन्हा कसे उभे राहते, ते मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेनंतरच्या प्रसादाच्या, ताटात दाखवा: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, फळे. ओला नारळ मिळाला नाही म्हणून ती सुक्या किसावर कोमट दूध शिंपडते, असे काही लिहा (आमची मावशी आखातात तेच करीत असे). नातवाला मात्र त्या ताटात नवगाव दिसू नये. त्याला ते नुसतेच गोड लागू द्या.