चाक पुन्हा पुन्हा बसतं

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत सायकलने कामाला जातो. पंक्चर काढलं तरी दोन दिवसांत चाक बसतं. ट्यूब बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक असेल तिथे कापूस अडकेल. ते चिमट्याने काढा, नाहीतर नवी ट्यूबही जाईल. मग ट्यूब पाण्यात धरा. बुडबुडे व्हॉल्व्हच्या तोंडाशी आले, तर बहुधा व्हॉल्व्हवरची रबरी नळी गेलीय. सोलापूरच्या उन्हात ती लवकर चिरते. बुडबुडे दुसरीकडून आले, तर तिथे ठिगळ लावा. त्यासाठी जागा घासा, सोल्युशन पातळ लावा आणि पाच मिनिटं सुकू द्या. ओल्यावर दाबलेलं ठिगळ सुटतंच. हवेचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, आणि शिव्या बिचाऱ्या काट्याला!