सिंगल की डबल? आधी शेजारी कोण बसणार ते विचारा

प्रश्न : मी तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहे, राहायला मानखुर्दला. मुलगा २२ वर्षांचा. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झाला, दोन वर्षं मार्केटातच टेम्पो चालवला, आता हेवी लायसन्स काढलंय. दोन ठिकाणी काम मिळतंय. कळंबोलीचा एक ट्रान्सपोर्टवाला दहा चाकी गाडी एकट्याच्या ताब्यात द्यायला तयार आहे. माल लोखंडाचा, कॉइल (पत्र्याच्या जड गुंडाळ्या) वगैरे, लाईन म्हणजे जायचा मार्ग ठरलेला नाही. दुसरीकडे भिवंडी-दिल्ली पार्सलचा कंटेनर, त्यावर डबल ड्रायव्हर. पगार सारखाच, पण एकट्याला भत्ता जास्त. पोरगा म्हणतो, एकटाच जाणार, कुणाची कटकट नको. आम्ही नवराबायको म्हणतो, सोबत कुणीतरी असलेलं बरं. अमेरिकेतल्या पंजाबी ड्रायव्हरांचे व्हिडिओ बघून तो उलट आम्हालाच शिकवतो. काय करावं?
– एक पालक, मानखुर्द

नमस्कार.

आधी ती अमेरिका बाजूला काढू. तिथं सलग १० तास विश्रांती घेतल्यावर ड्रायव्हरला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि ते तास गाडीत बसवलेलं यंत्र नोंदवतं. एकटा असेल तर वेळ संपली की गाडी उभी. दोघं असले की एक झोपतो, दुसरा चालवतो. तिथल्या टीमचा सगळा हिशोब त्या यंत्रावर बेतलेला आहे. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास असं ठरवून दिलं, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही सांगितली. पण मोजतो कोण? मालकाचा जीपीएस गाडी कुठं आहे ते सांगतो, ड्रायव्हर किती तास जागा आहे ते नाही सांगत. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत अशी अटही पूर्वी होती, ती २०१८ मध्ये निघाली. आता दुसरा ड्रायव्हर ठेवणं ही मालकाची मर्जी.

म्हणजे आपल्याकडे एकट्यानं गाडी न्यायची तर "शेठ, आता झोपणार, सकाळी निघतो" हे वाक्य फोनवर ठामपणे बोलता आलं पाहिजे. दहा वर्षं लाईनवर काढलेला माणूस ते बोलतो. पहिली नोकरी असलेलं पोरगं बोलत नाही, तोंडावर पाणी मारून निघतं. एकट्यानं जाण्याबद्दल माझा मुख्य आक्षेप हाच आहे, एकटेपणाचा नाही.

मुलाला घेऊन एकदा गणित मांडा. मुंबई-दिल्ली साधारण १४०० किलोमीटर. टोल, ट्रॅफिक, चढ धरून ताशी सरासरी ४५ पडली तर आठ तासांत ३६० किलोमीटर होतात. एकट्या माणसाला चार दिवस हवेत. कुणी "तिसऱ्या दिवशी सकाळी माल पाहिजे" म्हणालं, तर ते तास झोपेतूनच जाणार. ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा मुदतीचा कागद) संपतंय म्हणून घाई केली जाते, तेही तपासून बघायला शिकवा. बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे दिल्लीला सात दिवस. बिल वेळेत काढलं असेल तर घाई बिलाची नसते, मालकाची असते.

कळंबोलीच्या कामाला मी आत्ता नाही म्हणेन, आणि त्याचं दुसरं कारण कॉइल. जड माल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. साखळी सैल असेल, पाचर नीट बसली नसेल तर जोराचा ब्रेक लागल्यावर कॉइल पुढं केबिनवर येते. त्यात बोरघाट उतरायचा. भरलेल्या गाडीनं घाट उतरताना गियर घाटमाथ्यावरच खालचा पाडून ठेवायचा असतो, इंजिननं गाडी धरायची असते. सारखा ब्रेक दाबत राहिलं की ड्रम तापतात आणि खाली वळणावर नेमका ब्रेक लागत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आहेत, त्यांचं काय होतं ते एक्स्प्रेसवेवर जाणाऱ्यांनी पाहिलंय. टेम्पो दोन वर्षं चालवला म्हणून हे येत नाही. शेजारी बसून "आत्ता पाड" असं कुणीतरी सांगावं लागतं.

मग भिवंडीचं काम घ्या, असं मी लगेच म्हणेन असं वाटलं असेल. थांबा. "सोबत कुणीतरी असलेलं बरं" हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. तो कुणीतरी कोण? जुना, शांत डोक्याचा ड्रायव्हर असेल तर पहिल्या वर्षी यासारखी शाळा नाही. पण दोन्ही नवे असतील, किंवा दर ट्रिपला मालक वेगळा माणूस बसवणार असेल, तर मुलाचंच खरं, त्यापेक्षा एकटा बरा. कारण डबल ड्रायव्हरमध्ये आपण झोपलेलो असताना आपला जीव दुसऱ्याच्या हातात असतो. तो पितो का, फोनवर बोलत चालवतो का, डोळा लागायला आला तर उठवतो की रेटतो, हे ठाऊक नसलेल्या माणसामागे झोप लागत नाही. आणि झोप लागली नाही तर डबलचा फायदाच काय?

चालत्या गाडीतली झोप तशीही कच्ची असते. धक्के, हॉर्न, टोलवरचा उजेड. त्यात पहाटे दोन ते पाच हा वेळ शरीर सगळ्यात सुस्त असण्याचा. अशा वेळी "ऊठ, घे गाडी" म्हणून हलवलं आणि तो डोळे चोळत स्टिअरिंगवर बसला, हे घातक. जाग आल्यावर डोकं पूर्ण चालू व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. गाडी ढाब्यावर लावायची, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा, टायरला हात लावून एक फेरी मारायची, मगच बदली. ताशी ८० च्या वेगात सेकंदाला २२ मीटर जातात. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर गाडीला कुणी ड्रायव्हरच नाही. पहाटेची पाळी नेहमी नव्याच्याच गळ्यात मारायची, हाही प्रकार चालतो. ती आलटूनपालटून हवी.

तेव्हा भिवंडीला हो म्हणण्याआधी मुलानं जोडीदाराला भेटावं. मालकाला सरळ विचारावं, माझ्याबरोबर कोण, किती वर्षांचा अनुभव, आणि निदान पहिले काही महिने तोच राहील का. इथं तुमची ओळख कामाला येईल. मार्केटात गाड्या खाली व्हायची वाट बघत ड्रायव्हर तासन् तास बसलेले असतात, त्यांच्यापाशी त्या मालकाचं नाव काढा. पगार तारखेला होतो का, डिझेल कमी भरलं तर कुणाच्या पगारातून कापतात, पोच उशिरा झाली तर दंड कुणाला, हे तुम्हाला चहाच्या एका कपात कळेल. मला महिनाभर फोन करूनही कळणार नाही.

कागदाचं थोडक्यात. ई-चलान गाडीच्या नावावर येतं आणि पुढे ड्रायव्हरच्या पगारातून जातं. अपघात झाला तर त्या वेळी कोण चालवत होता, हा पहिला प्रश्न. म्हणून प्रत्येक बदलीला वेळ, जागा आणि मीटरचा आकडा वहीत, दोघांच्या सह्या. जुना ड्रायव्हर हसेल, हसू दे. गाडीच्या विम्यात दोन्ही ड्रायव्हरांचा हप्ता भरलाय का बघावं. गाडी कोणत्या सालची तेही विचारावं : १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. रात्री चालवून दुपारी मे महिन्यात झोपायचं असेल तर हा चोचला नाही.

भत्ता कमी मिळेल, ते खरं. डबलमध्ये गाडी जास्त धावते, पण एकेकाच्या वाट्याला किलोमीटर कमी येतात. पहिल्या वर्षी ती फी समजा. वर्ष-दीड वर्षानं घाट, रात्र, पाऊस आणि शेठजींचे फोन हाताळता आले की त्यानं खुशाल एकट्यानं गाडी घ्यावी. त्याचा स्वभाव तसाच दिसतो, आणि त्यात वाईट काही नाही. लाईन मात्र ठरलेली बघावी.

भिवंडीवाल्यानं जोडीदाराचं नाव सांगायला टाळाटाळ केली तर तेही काम सोडा. न्हावा-शेवा ते तळोजा, भिवंडी अशा जवळच्या फेऱ्यांवर काम शोधता येईल. बंदराबाहेर रांगेत रात्र जाते, पण रस्ता ओळखीचा राहतो आणि घर जवळ. तेही जमेना तर टेम्पो आहेच. हेवी लायसन्स पाच वर्षं चालतं, घाई मुलाला आहे, लायसन्सला नाही.